सारांशाची वही बंद करा, पोरांचं म्हणणं छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल उजाडला की पेपरातून उन्हाळी शिबिरांची पत्रकं घरात पडायला लागतात. पोहणं, स्केटिंग, अबॅकस, हस्ताक्षर, व्यक्तिमत्त्व विकास (सहा वर्षांच्या पोराच्या व्यक्तिमत्त्वाला जरा उगवू तरी द्या, पण असो). वाचनाचं नाव त्यात क्वचितच दिसतं. ते असतं शाळेने दिलेल्या सुट्टीच्या अभ्यासात: ‘पुस्तके वाचा व सारांश लिहा.’ माझी तक्रार आहे ती या सारांशाबद्दल.

आमची नात आता तिसरीत जाईल. तिच्या वहीत प्रत्येक पानावर रकाने आखलेले आहेत: पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, सारांश, तात्पर्य. पहिल्या पाच रकान्यांना पुस्तक वाचावंही लागत नाही. शेवटच्या रकान्यात अक्षर तिच्या आईचं. हरवलेली शेळी शेवटी घरी परत येते, अशी एक चित्रांची गोष्ट आहे. तिच्यापुढे तात्पर्य लिहिलंय, ‘मोठ्यांचे नेहमी ऐकावे.’

तेच पुस्तक दुपारी ओट्यावर मी मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, “आजी, शेळीने परत यायलाच नको होतं. तिकडे गवत होतं, इथे दोरी आहे.” शेजारचा मुलगा लगेच उसळला, “आणि रात्री बिबट्या आला म्हणजे?” त्यावर हिचं उत्तर, “बिबट्या काय, आपल्या नाशकात गंगापूर रोडलापण येतो!” मग बराच वेळ भांडण. शेळीला विचारलं का कुणी, दोरी लांब केली तर चालेल का, दूध कोण काढणार. त्यासाठी दोघांनी पुस्तक पुन्हा उघडलं आणि कुंपणाचं चित्र बोट ठेवून तपासलं. हे सगळं वहीच्या कुठल्या रकान्यात बसवायचं?

लहान मुलांना स्वतः वाचता येतं त्याहून ऐकून कितीतरी जास्त कळतं. लिहिणं तर त्याच्याही मागे असतं. पहिली-दुसरीतल्या पोराला ‘आठ ओळी लिही’ म्हटलं की ते गोष्ट सोडून वेलांट्या मोजत बसतं. म्हणून घरातल्या मोठ्याने वाचून दाखवावं आणि मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, जसंच्या तसं, कागदावर उतरवून घ्यावं. ‘मंग’ म्हणालं तर ‘मंग’. आपलंच बोलणं कागदावर दिसलं की ते वाचायला मूल आपणहून धावतं. बोलायचं नसेल तर चित्र काढू द्या. शेवटची दोन पानं झाकून ‘आता काय होईल?’ विचारा. आणि ‘मला हे पुस्तक नाही आवडलं’ म्हणायची मुभा द्या, फक्त कुठलं पान आवडलं नाही ते दाखवायला सांगा. पुस्तक संपल्यावर ‘काय शिकलास?’ एवढं मात्र विचारू नका. शिरा खाऊन झाल्यावर कुणी पाककृती म्हणून घेत नाही.

पुस्तकं मिळत नाहीत, ही सबब निदान नाशकात तरी चालू नये. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना इथलीच, शंभर-शंभर पुस्तकांच्या तिच्या पेट्या परदेशापर्यंत पोचल्या. एखाद्या सोसायटीने मनावर घेतलं तर आपल्या जिन्याखालीही पोरांच्या पुस्तकांची एक पेटी ठेवता येईल. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी आहेत, त्याही फुकट. मोबाइल पोरांच्या हातात असतोच, निदान तासभर आपल्या हातात घेऊन त्यावरून वाचून दाखवा.

अडचण आहे ती वेळेची. आमच्या भागातलं वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी उघडं असतं. दुपारी बारा ते चार, जेव्हा उन्हापायी पोरांना बाहेर सोडता येत नाही आणि घरात ती जीव खातात, नेमकं तेव्हाच दाराला कुलूप. मे महिन्यापुरती दुपारी बालविभागाची खोली उघडावी, पंखा लावावा, सतरंजी टाकावी. राखणीला आमच्यासारख्या रिकाम्या आज्या-आजोबांना बसवा, पगार मागणार नाही. पोरांनी पुस्तकं हाताळली की काही फाटतील, ती चिकटवायचं कामही आम्ही करू.

आता तुमच्याकडे मागणं. मे महिन्यात आठवड्यातून एकदा पाव पान मुलांना द्या. वाचलेल्या किंवा ऐकलेल्या पुस्तकाबद्दल त्यांना पोस्टकार्ड पाठवू द्या. पोस्टकार्ड ५० पैशांचं, आणि जागा इतकी कमी की सारांश मावतच नाही. चित्र आलं तर चित्र छापा. बक्षीस, क्रमांक, प्रमाणपत्र काही ठेवू नका, नाहीतर कार्डं पुन्हा आयाच लिहितील. नाव, इयत्ता आणि गाव एवढं पुरे. शुद्धलेखन तेवढं तुमच्या मुद्रितशोधकांना तपासू देऊ नका.

शेळीवरची दोन कार्डं, एक बाजूने आणि एक विरुद्ध, आमच्याकडे तयार आहेत. पत्ता कळवा, टाकते.

आपली,
एक आजी, पंचवटी, नाशिक