दोन लंगडे लावले तरी झाड एकटंच

माननीय संपादक,
नमस्कार.

मे महिना लागला की नागपुरात सीडबॉलची गडबड सुरू होते, लेकरं बी घालून मातीचे गोळे वळतात, फोटो छापून येतात, चांगलंच आहे ते. पण परवा मॉर्निंग वॉकला सेमिनरी हिल्सकडे गेलो तर आठ-दहा जण एकाच पळसाखाली शेंगा वेचत होते, पिशवी भरली अन् निघाले, बाकीच्या पळसांकडे कोणी पाहिलंही नाही. मी त्यातल्या चार शेंगा उचलल्या. पळसाच्या शेंगेत बी एकच, तेही पार टोकाला, बाकी सगळा पातळ पंख, त्यामुळे बोटानं दाबलं की लगेच कळतं. चारपैकी तीन पोचट. आता कीडही लागते, दुसरी कारणंही असतात, पण एक कारण आहे ते मला घरच्या आंब्यानं शिकवलं म्हणून हे पत्र.

हिंगणा रोडला नवीन लेआउटमध्ये घर बांधलं, तेव्हा एका नर्सरीतून लंगडा आंब्याची दोन कलमं आणली. नर्सरीवाला म्हणे, काका, जोडीनं लावा, जोडीनं फळ धरते. लावली. पाचव्या वर्षापासून मोहर असा की पान दिसेना, अन् मग वाटाण्याएवढी कैरी धरायची की पंधरा-वीस दिवसांत अंगणभर सडा. शेजारी म्हणाले वांझ आहेत दोन्ही, तोडा अन् गाडी लावा तिथं. मी खत बदलून पाहिलं, पाणी कमीजास्त केलं, एका साली तर ऐन मोहरात फवारणी करून घेतली, तो निव्वळ मूर्खपणा होता कारण आंब्याचा पराग इकडचा तिकडे नेतात त्या साध्या माश्या अन् बारके किडे, अन् मी तेच मारले.

शेवटी भाच्यानं डोक्यात प्रकाश पाडला, तो कृषीचा आहे. लंगडा, दशहरी, चौसा या जाती स्वतःचा पराग चालवूनच घेत नाहीत, फळ धरल्यासारखं होते पण आतला गर्भ वाढत नाही अन् ते गळते. म्हटलं, म्हणून तर दोन लावले! तो हसला. मामा, कलम म्हणजे फांदी. तुमचे दोन लंगडे म्हणजे एकाच झाडाच्या दोन फांद्या, फक्त वेगळ्या खड्ड्यात. बाप्पा, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

मागच्या बाजूच्या काकूंनी कधीतरी कोय फेकली होती, तिचं गावरानी झाड मागच्या साली पहिल्यांदा मोहरलं, अन् आमच्या लंगड्यांना यंदा साठ-सत्तर कैऱ्या टिकून आहेत. हा काही प्रयोग नाही, यंदा वादळही कमी आलं, पण मला पटलं. हिमाचलात सफरचंदवाले तर बागेत मुद्दाम दुसऱ्या जातीची झाडं ठेवतात अन् फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणतात.

पुस्तकात याला स्वपरागण अन् परपरागण म्हणतात. शाळेत आपण शिकलो की एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर गेला की परपरागण झालं, पण दुसरं फूल त्याच झाडाचं असेल तर हिशेबानं ते स्वपरागणच, ही गोष्ट कोणी ठासून सांगितली नाही. पळसावर शिंजीर पक्षी येतो, या फांदीवरून त्या फांदीवर नाचतो, पण आजूबाजूला दुसरा पळसच नसेल तर तो बिचारा त्याच झाडाचा पराग त्याच झाडाला वाटत बसते. काटेसावरही स्वतःचा पराग बहुतेक नाकारते. आपल्या विदर्भाचा सागच घ्या ना, पावसाळ्यात फुलांचे एवढाले तुरे, पण एक फूल जेमतेम एक दिवसाचं, शंभरातल्या एक-दोन फुलांचंच फळ होते, अन् फळात चार कप्पे असून बी बहुधा एक नाहीतर दोन.

काही झाडं स्वतःचा पराग चालवून घेतात, बी धरते, रुजतेही. पण डार्विननं अकरा वर्षं रोपं वाढवून 1876 साली मांडलं ते हेच, की स्वपरागाची रोपं बहुतेक वेळा बुटकी अन् कमजोर निघतात. म्हणजे एकट्या झाडाखालची पिशवी भरली तरी काय भरलं ते बघावं लागेल. संत्र्यावाले म्हणतील आम्हाला काही फरक पडत नाही, त्यांचं खरं आहे, जंभेरी म्हणजे ज्या लिंबाच्या रोपावर संत्र्याचं कलम बांधतात ते, तिच्या एका बीतून दोन-तीन कोंब येतात अन् बरेचसे थेट आईसारखे, म्हणून तर पन्हेरीतली रोपं एकसारखी दिसतात अन् खुंटाला ती चालतात. जंगलाला तसं चालत नाही.

तर विनंती एवढीच, सीडबॉलची बातमी छापताना दोन ओळी जास्त छापा: बी दहा-पंधरा झाडांखालचं घ्या, झाडं एकमेकांपासून पन्नास-शंभर मीटर तरी लांबची बघा, प्रत्येकाच्या आसपास त्याच जातीची आणखी झाडं असली तर उत्तम, अन् प्रत्येकाचं थोडंथोडं घेऊन मिसळा. पळसाची शेंग टोकाला दाबून पहा, चपटी लागली की टाकून द्या.

अन् हिंगणा रोडला कोणाकडे असाच मोहर गाळणारा लंगडा असेल तर तोडू नका. काकूंच्या गावरानीच्या कोयी मी जूनमध्ये धुऊन सावलीत ठेवणार आहे, ज्याला पाहिजे त्यानं न्याव्या, फक्त लवकर, आंब्याची कोय फार दिवस टिकत नाही.

आपला,
एक जुना वाचक, नागपूर