शेकातले खाडे: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

खान्देशात कॅन्सरचा विषय निघाला की पुढारी मंडळी किरणं देणाऱ्या यंत्राबद्दलच बोलतात. यंत्र मंजूर झालं, यंत्र आलं, फीत कापली. यंत्र हवंच, त्यात वाद नाही. मला विचारायचंय ते वेगळं. त्या यंत्राखाली सुरू झालेला किती जणांचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, ठरल्या दिवसांत पुरा झाला, ते कुणी मोजतं का?

मी अमळनेरची. प्रताप कॉलेजातून बी.एस्सी. करून मुंबई गाठली आणि नोकरीची सगळी वर्षं किरणं आणि कॅन्सरच्या पेशी यांच्यातच गेली. शरीराबाहेर पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा कॅन्सर संशोधक कमल रणदिवे यांनी १९६०च्या दशकात परळला उभी केली होती, म्हणून आमच्या पिढीला ही विद्या इथल्या इथे शिकता आली. मी नेमकं काय करते ते गावाकडे कधी कुणाला समजावता आलं नाही. ‘एक्सरे काढते’ एवढ्यावर सगळे खूश होते.

काम असं असायचं. बशीत पेशी पेरायच्या, मोजून किरणं द्यायची, दीड-दोन आठवडे उबवणपेटीत ठेवायच्या. मग जांभळा रंग घालून ठिपके मोजायचे. एका पेशीपासून ५० किंवा त्याहून जास्त पेशींचा ठिपका झाला, तरच ती जगली असं धरायचं. पक आणि मार्कस या शास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये माणसाच्या पेशींवर हा हिशेब पहिल्यांदा मांडून दाखवला. किरण लागलेली पेशी सहसा लगेच मरत नाही. दिसायला धडधाकट असते, एखाद-दोनदा विभागतेही. पण तिच्या डीएनएचे दोन्ही धागे तुटून नीट सांधले गेले नाहीत, तर तिचा वंश तिथेच खुंटतो. ज्या वाचतात त्या मात्र पुन्हा वाढीला लागतात.

पेशंटच्या तोंडात हेच घडतं. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला साधारणपणे रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप), आठवड्यातून ५ दिवस, असा ६ ते ७ आठवडे शेक देतात. विदर्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं की सुमारे चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी झपाट्याने वाढू लागतात. तिथून पुढे उपचार लांबला, तर प्रत्येक दिवसामागे सुमारे ०.६ ग्रे जादा लागतात. म्हणजे रोजच्या शेकातला जवळपास तिसरा हिस्सा नुसती ती वाढ फेडण्यात जातो.

आणि नेमकं याच सुमाराला तोंड सोलून निघतं, घास गिळवत नाही, पैसे संपत येतात, घरी कपाशी वेचणीला आलेली असते. गाठ मात्र लहान झालेली दिसते. ‘माले आते बरं वाटस,’ म्हणत माणूस दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेतून पिशवी उचलतो आणि रात्रीची गाडी धरतो. परत येतो तो पंधरवड्याने. त्याला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही.

खाडा यंत्राचाही पडतो. कोबाल्टच्या यंत्रात किरणं देणाऱ्या स्रोताचा जोर ५.२७ वर्षांत निम्म्यावर येतो. तो वेळेवर बदलला नाही तर प्रत्येक पेशंटला टेबलावर जास्त वेळ लागतो आणि रांग वाढते. सुटा भाग फायलीत अडकला तर आठवडा जातो. पेशी टेंडरची वाट बघत नाहीत.

म्हणून धुळे, जळगाव, नंदुरबारच्या सरकारी कॉलेजांसाठी यंत्राचा विचार करताना त्याच कागदावर माणसंही लिहा: किरणांच्या मात्रेचा हिशेब बघणारा मेडिकल फिजिसिस्ट, दुसऱ्या पाळीचे टेक्नॉलॉजिस्ट, जेवणाची नळी आणि आहार सांभाळणारी सिस्टर. बुडालेला दिवस शनिवारी भरून काढता येतो, किंवा मध्ये किमान ६ तास सोडून एका दिवसात दोनदा शेक देता येतो. ही माहिती नवी नाही. पण शनिवारी खोली उघडायला माणूस लागतो. पेशंट आणि सोबतच्या माणसासाठी आवारातच राहण्या-जेवणाची सोय झाली तर निम्मं काम तिथेच होईल.

आणखी एक. जळगावच्या विद्यापीठातून प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान शिकून मुलं बाहेर पडतात आणि किरणजीवशास्त्र, म्हणजे किरणांचा पेशींवरचा परिणाम, शिकायचं म्हटलं की नवी मुंबईत खारघरच्या कॅन्सर संशोधन केंद्राची वाट धरतात. मीही अशीच मुंबईला गेले होते. इथल्या तोंडांत मशेरी आहे, तंबाखू आहे, आणि २०१२ पासून बंदी असूनही टपरीवर मिळणारा गुटखा आहे. या गाठी किरणांना कशा दाद देतात, ते इथेच तपासायला नको का? मेडिकल कॉलेज आणि विद्यापीठ मिळून एक छोटी प्रयोगशाळा आणि दोन कायम पदं द्या. कंत्राटी नकोत. अकरा महिन्यांच्या नेमणुकीत पेशंटचा पाच वर्षांचा पाठपुरावा होत नाही.

यातलं बरंच खर्चाचं आहे, वेळ लागेल. एक गोष्ट फुकट आहे. राज्यातल्या प्रत्येक सरकारी केंद्राने दर महिन्याला फलकावर लिहावं: किती शेक सुरू झाले, किती वेळेत पुरे झाले, खाडे यंत्रामुळे किती, पेशंटमुळे किती. आदेश आपल्या एका सहीने निघेल. नोंदवहीचा नमुना हवा असेल तर मी करून देते.

आपली,
एक निवृत्त संशोधक, अमळनेर