‘आधी दारू सोड, मग ये’ हा हेलपाटा थांबवा

महोदय,

दारूच्या रुग्णाचा मराठवाड्यातला हेलपाटा ठरलेला आहे. व्यसनमुक्ती केंद्रात सांगतात, ‘याला भास होतात, मानसोपचारवाल्यांना दाखवा.’ तिथल्या ओपीडीत सांगतात, ‘आधी दारू सोड, मग ये.’ घरच्यांची दोन दिवसांची मजुरी बुडते आणि रुग्ण संध्याकाळी पुन्हा गुत्त्यावर. दारू, गांजा किंवा ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या यांच्या जोडीला नैराश्य, चिंताविकार, बायपोलर (कधी खोल उदासी, कधी अति उत्साहाचा उन्माद), स्किझोफ्रेनिया (भास-संशयाचा आजार) हे आजार इतक्या वेळा आढळतात, की दोन्हींची तपासणी एकाच केसपेपरवर व्हायला हवी. उपचारही एकाच वेळी.

आता दारूमुळे मन खचले की मन खचल्यामुळे दारू वाढली, हे ओळखायचे कसे? दारूने आलेली उदासी पूर्ण बंदनंतर बहुतेकांची दोन ते चार आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही पहाटे तीनला झोप मोडत असेल, शेताकडे पाय वळत नसेल, जेवण गोड लागत नसेल, तर नैराश्य हा स्वतंत्र आजार धरून औषध सुरू करावे लागते. आपल्याकडे ही परीक्षा श्रावणात आपोआप होते. कित्येक जण महिनाभर थेंबही घेत नाहीत. श्रावण संपता संपता माणूस कसा होता, हे बायकोला किंवा आईला नेमके सांगता येते. डॉक्टरांनी ते आवर्जून विचारावे. सोबत एका कागदावर लिहून न्यावे : पिणे कोणत्या वर्षी सुरू झाले, झोप कधी बिघडली, संशय किंवा भास कधीपासून, घराण्यात कुणाला मानसिक आजार होता का. जीव देण्याची भाषा असेल तर मात्र चार आठवडे थांबायचे नाही. त्याच दिवशी दाखवायचे, आणि फवारणीची औषधे घरातून हलवून कुलपात ठेवायची.

सगळ्यात घातक चुका पहिल्या चार दिवसांत होतात. माळ घालून दारू कायमची सुटलेली माणसे गावोगाव आहेत, त्या श्रद्धेबद्दल आदरच आहे. पण सकाळी उठल्यापासून पिणाऱ्याने एकादशीला एकदम बंद केली, तर ६ ते १२ तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी एखादा असंबद्ध बडबडतो, अंगावर किडे चालतात म्हणतो, घरची माणसे ओळखत नाही. सोबत घाम, ताप, धडधड. हा डिलिरियम आहे, यात जीव जातो. ‘बाहेरचे झाले’ म्हणून देवऋष्याकडे नेण्यात नेमके हेच तास वाया जातात. अशा माणसाने दाखल होऊनच दारू सोडावी. दुसरी चूक गावातल्या दवाखान्यातली : अशक्तपणा म्हणून थेट ग्लुकोजचे सलाईन. सतत पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेले असते. त्याचे इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत दिले नाही, तर मेंदूला इजा होऊन स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. ‘बटन’च्या गोळ्याही एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते, डोस आठवड्यागणिक उतरवावा लागतो.

चहातून किंवा भाजीतून गुपचूप द्यायच्या ‘दारू सोडवणाऱ्या’ पुड्यांबद्दल स्पष्टच लिहायला हवे. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचे औषध असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. गोळी थांबवल्यावरही हा धोका सुमारे दोन आठवडे राहतो. ज्याला आधीच भास आणि संशय आहेत, त्याचा आजार हे औषध वाढवू शकते. जेवणात काहीतरी कालवतात असा ज्याचा संशय आहे, त्याला खरोखरच काहीतरी कालवून द्यायचे, हा कसला उपचार!

बायपोलर तर सर्रास निसटतो. दोन-दोन रात्री झोप नाही, उसनवारी करून ट्रॅक्टर बुक केला, दारू चौपट झाली. लोक म्हणतात ‘चढलीय’. तो उन्मादाचा झटका असू शकतो. अशा माणसाला पुढे नुसती नैराश्याची गोळी सुरू केली तर उन्माद भडकू शकतो. म्हणून नैराश्याची चिठ्ठी लिहिण्याआधी ‘कधी उलटे, अति उत्साहाचे दिवस होते का’ हे विचारलेच पाहिजे.

याच बायपोलर आजारावरच्या लिथियम या औषधाचा धोका बीड, जालना, परभणीकडच्या ऊसतोड कुटुंबांना जास्त आहे. उन्हात घाम जातो, पाणी कमी पडते, अंगदुखीवर रोज डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतली जाते. या सगळ्याने लिथियम रक्तात साठते. मग उलट्या, जोरात थरथर, अडखळती जीभ, झोकांड्या. बघणाऱ्याला वाटते, प्यायलाय. तोंडाला वास असो वा नसो, लगेच गोळी थांबवून रक्तातले लिथियम तपासावे.

राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्याचा भार छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालय, लातूर-नांदेडची वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालये यांच्यावरच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितीही मानसिक आजारात धरली आहे आणि रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी घातली आहे. खासगी व्यसनमुक्ती केंद्रात नातेवाइकाला दाखल करण्यापूर्वी विचारा : नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, रात्री फिट आली तर कुठे नेता? उत्तरे गोलमाल असतील तर पैसे भरू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

प्रशासनाकडे मागणी एवढीच. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि चालू उपचार तुटतो. त्याआधी अशा रुग्णांना तीन महिन्यांची औषधे आणि मराठीत टाईप केलेली चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीवर आजार, औषध, डोस आणि कोणती वेदनाशामके घ्यायची नाहीत, हे असावे; म्हणजे कारखान्याजवळच्या डॉक्टरला पुढचे उपचार करता येतील. जीव देण्याचा धोका असलेल्या रुग्णाला मात्र थोड्याच दिवसांच्या गोळ्या द्याव्यात, त्याही घरच्या माणसाच्या ताब्यात.

– मानसोपचार समाजसेवक, बीड जिल्हा