भोगव्याला निघण्याआधी

प्रिय सुहास,

काकू, वहिनी आणि पोरांना घेऊन चार दिवस समुद्रावर जायचंय, पण तारकर्लीची जत्रा नको, असं लिहिलंयस. मग कर्ली नदीच्या अलीकडच्या तीरावर, भोगव्याला जा. नदीच्या उत्तरेला देवबाग-तारकर्ली, तिथे बोटी आणि बनाना राइडची झुंबड. दक्षिणेला वेंगुर्ला तालुक्यातलं भोगवे. मध्ये फक्त नदीचं मुख आहे, पण दोन्हीकडचा दिवस अगदी वेगळा.

तारीख मात्र शनिवार-रविवार बघून ठरवू नकोस. भिंतीवरचं कॅलेंडर काढ आणि तिथी बघ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा. त्यात सव्वासहा तास मिळव, की ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं.

आता गंमत बघ. पौर्णिमा-अमावस्येला (दोन्ही पंधराच धरायच्या) भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी साडेपाचला. संध्याकाळी फिरायला रुंद, घट्ट वाळू मिळते आणि निवतीच्या बाजूचे खडक उघडे पडतात. पण ते उधाणाचे दिवस, पाण्याला जोर असतो. अष्टमीच्या आसपास भांग असतं. पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढही कमी. मात्र संध्याकाळी सहाला नेमकी भरती, त्यामुळे वाळूचा पट्टा अरुंद. पोरांनी पाण्यात खेळायचं असेल तर मी भांगाचे दिवस घेईन. मुंबईच्या मानाने इकडे भरती-ओहोटीतलं अंतर जवळपास निम्मंच, म्हणून जुहूसारखं पाणी लांबवर आत गेलेलं दिसणार नाही.

पाण्याबद्दल एकदाच सांगतो, पण नीट वाच. लाटा ओळीने फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत आणि गडद दिसतो. नवख्याला वाटतं, इथे पाणी मवाळ आहे, इथेच उतरू. प्रत्यक्षात किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत जाण्याची ती वाट असते. तिने ओढलंच तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं आणि मग लाटांबरोबर आत यायचं. दुसरं, नदीच्या मुखापाशी, संगमाकडे, ओहोटी लागल्यावर गुडघाभर पाण्यातसुद्धा जायचं नाही. नदीचं पाणी आणि उतरतं पाणी तिथे एकत्र बाहेर धावतं आणि वाळूचा दांडा एका पावलात संपतो. देवबागहून येणाऱ्या बोटींची वर्दळही त्याच टोकाला, त्यामुळे तसंही दक्षिणेकडे चालत जाणं बरं.

कधी जायचं? दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. नाताळचा आठवडा सोड. मे महिन्यात आंबे असतात, पण घरंही चाकरमान्यांनी भरलेली असतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, आणि पावसाळ्यात तसंही या समुद्रात उतरायचं नसतं.

रेल्वेने कुडाळला उतर. कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते आणि सकाळी कुडाळला पोचवते. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी कर. कुडाळहून परुळ्यावरून भोगवे तीसेक किलोमीटर. एसटी मोजक्याच, तेव्हा काकू बरोबर असताना रिक्षा किंवा गाडी आधीच सांगून ठेव आणि भाडं चढण्यापूर्वी ठरव. परुळे-चिपीला 2021 साली विमानतळ सुरू झालाय, पण विमानांचं वेळापत्रक बदलत राहतं, त्यावर बेत बांधू नकोस. पेट्रोल, औषधं, रोख पैसे हे सगळं कुडाळलाच उरकून घे. स्वतःची गाडी नेलीस तर वाळूवर उतरवायची नाही. कोरडी वाळू चाक गिळते, एक्सिलेटर दाबला की आणखी खोल जातं आणि वर भरती तुझ्यासाठी थांबत नाही.

राहायला घरगुती सोय बघ. फोनवर दोन गोष्टी विचार: संडास कमोडचा आहे का (काकूंचे गुडघे!), आणि खोलीतून बाहेर किती पायऱ्या आहेत. जेवण आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं. ‘उद्या पापलेटच हवं’ असा हट्ट धरू नकोस; जे जाळ्यात येईल ते. बांगडा किंवा तारली मिळाली तर तिरफळ घालून तिखलं करायला सांग, पापलेटाची आठवणही येणार नाही. काही घरांत सोमवारी मासे शिजत नाहीत. त्या दिवशी घावणे-चटणी, आणि सकाळी उकड्या तांदळाची पेज मागून घे.

सकाळी किनाऱ्यावर रापण लागलेली दिसली तर नाश्ता राहू दे. होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन रांगा ते खेचत एकमेकींच्या जवळ सरकत येतात. ताणलेल्या दोरांच्या मध्ये उभं राहायचं नाही. दोराला हात लावायचा तर आधी विचार, बहुधा हो म्हणतील. जाळं वाळूवर आलं की पोरांना मागे धर. पाकटाच्या शेपटीचा काटा आणि शिंगाळ्याच्या परांचे काटे मेल्यावरही लागतात. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेव, त्याने कळ उतरते, आणि मग डॉक्टरकडे ने. मासळी तिथेच वाट्यावर, म्हणजे लहान ढिगाने मिळते. वाट्यातला वरचा एकच मासा बघू नकोस, तळचा उचलून कल्ला उघड. लालभडक हवा, डोळा फुगीर, आणि बोटाने दाबल्यावर खड्डा राहता कामा नये.

एक दुपार कलल्यावर निवतीच्या किल्ल्यावर काढ. जांभ्याचे पडके बुरूज आणि खंदक, फार काही उरलेलं नाही, पण वरून भोगव्याची अख्खी किनार दिसते. चढ थोडाच आहे, तरी काकूंना खालीच बसव.

तिथी ठरली की कळव.

तुझा,
अरुण

ता. क. टॉर्च ने, पण वाळूवर कमीत कमी लाव. थंडीत या किनारपट्टीवर कासवं अंडी घालायला येतात आणि उजेड दिसला तर मागे फिरतात.