कुणाला विचारले, तेही छापा

संपादक महोदय,

शहरातल्या सर्वेक्षणांच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात. ‘नागपूरकरांचा कौल’ असा मथळा असतो, पाच हजार जणांची मते घेतल्याचेही लिहिलेले असते. ते पाच हजार कुठे आणि कसे गाठले, हे मात्र नसते. खरी गोम तिथेच आहे.

मेट्रो सोयीची आहे का, हे सीताबर्डी स्थानकाच्या फलाटावर विचारले तर ‘हो’च ऐकू येणार. ज्याला ती सोयीची नाही, तो खाली ऑटोत बसलेला असतो. संख्याशास्त्रात याला अभिनती म्हणतात, आणि माणसे वाढवून ती जात नाही. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या आणि भाकीत केले लँडन यांच्या विजयाचे. प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली! पत्ते बऱ्याच अंशी टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या याद्यांतले, म्हणजे सुखवस्तू लोकांचे होते, तेही मंदीच्या काळात. शिवाय बहुतेकांनी मतपत्रिका परत पाठवलीच नव्हती. याउलट नीट यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निवडलेले १,००० जण असतील, तर १०० पैकी ९५ वेळा चूक साधारण ३ टक्क्यांच्या आत राहते.

घरोघरच्या पाहणीत घोळ दारातच होतो. सकाळी ११ वाजता कुलूप दिसले की सर्वेक्षक शेजारची बेल वाजवतो. मे महिन्याच्या उन्हात पुन्हा कोण येणार? अशाने नोकरदार आणि मजूर गळतात, निवृत्तांची मते तेवढी जमतात. नियम असा, की त्याच घरी वेगवेगळ्या वेळी निदान तीनदा जायचे, त्यात एक संध्याकाळ किंवा रविवार हवा. दार उघडेल त्यालाच न विचारता, ज्या प्रौढाचा वाढदिवस सर्वांत आधी येणार त्याला विचारायचे. काम कंटाळवाणे आणि खर्चिक, म्हणून टाळले जाते.

‘रस्ते आणि गटारे यांबाबत समाधानी आहात का?’ हे दोन प्रश्न आहेत, उत्तराची चौकट एकच. आणि ‘मतदान केले का?’ याला तोंडावर ‘नाही’ म्हणणारे थोडेच.

प्रामाणिक उत्तरेही चकवतात. सकाळच्या ‘आपली बस’मध्ये ८० प्रवासी, दुपारच्या बसमध्ये २०, सरासरी ५०. आता या शंभरही जणांना ‘तुमच्या बसमध्ये किती जण होते?’ विचारा. ८० जण ८० सांगतील, २० जण २०; सरासरी ६८. खोटे कुणीच बोलले नाही, गच्च बसमधले लोकच जास्त भेटले.

तेव्हा विनंती एवढीच, की प्रत्येक सर्वेक्षणाच्या बातमीखाली चार ओळी द्याव्यात: नावे कोणत्या यादीतून घेतली, कोणत्या तारखांना व वेळी विचारले, प्रश्न जसाच्या तसा, आणि खर्च कुणी केला. ६०० जणांना विचारून ९० जणांनीच उत्तर दिले असेल, तर मथळ्यातही ९० हाच आकडा असावा.

– संख्याशास्त्राचे एक शिक्षक, धरमपेठ, नागपूर