घरच्या संगणकाकडेही लक्ष द्या

सोलापुरात चादर-टॉवेलच्या कितीतरी लहान व्यवसायांचा हिशेब घरातल्या एकाच संगणकावर चालतो. जीएसटी, बँक आणि मुलांचे गेमही त्यावरच. विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी अनेकजण बिनधास्त आहेत. क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेल्या, सॉफ्टवेअरमधून तर व्हायरस आपण स्वतःच घरात घेतो. मुलांसाठी अ‍ॅडमिन अधिकार (संगणकात मोठे बदल करण्याची मुभा) नसलेले वेगळे खाते उघडावे; माझ्या मते हाच सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. इंटरनेट पाहताना ‘व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ असा संदेश झळकला, तर फोन न करता ब्राउझर बंद करावा. पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे. संगणक विकणाऱ्या दुकानदारांनीही ग्राहकांना हे आवर्जून सांगावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर