पाळकाच्या सेवकपणाची परीक्षा दानाच्या टेबलापाशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी झाला की दुसऱ्या दिवशी त्याचे छायाचित्र वृत्तपत्रांत येते. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये रोमच्या बालसुधारगृहात जाऊन तिथल्या मुलामुलींचे पाय धुतले, 2016 मध्ये या विधीत स्त्रियांनाही रीतसर जागा दिली, त्याचीही दखल घेतली गेली. विधी सुंदर आहे आणि तो व्हावाच. पण पाळक (चर्चचा धर्मगुरू) मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, सेवक आहे की धनी, हे वर्षातल्या त्या एका संध्याकाळवरून ठरत नाही. दान कोण मोजतो आणि पाळक कोणाच्या घरी जात नाही, एवढे दोनच प्रश्न विचारले तरी पुष्कळ काही कळते. मंडळ्यांच्या कमिट्यांवर आणि हिशेबात काम केलेल्या आम्हा काही जणांना त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते.

यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी जमवलेली वर्गणी प्रेषित पौलाने एकट्याने नेण्याचे ठरवले नाही. मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ त्याने सोबत घेतला. कारणही बायबलमध्ये, करिंथकरांना लिहिलेल्या त्याच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात, लिहून ठेवले आहे: एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट ठेवू नये, आणि जे करायचे ते प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही चांगले दिसावे. पौलासारख्याला ही काळजी घ्यावीशी वाटली, तर आजच्या पाळकाने ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असे विचारण्यात अर्थ नाही.

दान मोजण्याची पद्धत सोपी आहे. उपासना संपल्याबरोबर, वेस्ट्रीत (चर्चला लागून असलेल्या खोलीत), दार उघडे ठेवून मोजावे. मोजणारे दोघे असावेत, एकमेकांचे नातलग नसावेत आणि दर महिन्याला बदलावेत. पाळकाने तिथे थांबू नये. खजिनदारानेही स्वतः मोजू नये, मोजलेली रक्कम सही करून ताब्यात घ्यावी. पाचशेच्या किती, शंभराच्या किती, नाणी किती, अशी चिठ्ठी दोन प्रतींत करावी आणि एक प्रत सेक्रेटरीकडे ठेवावी. दशांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या भागाची), उपकारस्तुतीची (देवाचे आभार म्हणून दिलेली), इमारत फंडाची पाकिटे वेगळी काढून वरचा आकडा आतल्या रकमेशी ताडून पाहावा. सोमवारी सगळी रक्कम बँकेत भरावी, त्यातून आधी काहीही खर्च करू नये. हल्ली दानपेटीशेजारी क्यूआर कोडही लावलेला असतो. तो मोबाईलवर स्कॅन केला की खातेदाराचे नाव दिसते. तिथे ट्रस्टऐवजी पाळकाचे किंवा त्याच्या घरच्या कोणाचे नाव दिसले, तर कोड त्याच दिवशी काढायला लावावा.

गोंधळाची सुरुवात बहुधा चोरीने होत नाही, चांगल्या मनाने होते. रविवारी संध्याकाळी कोणाला तरी दवाखान्यासाठी दोन हजार लागतात, पाळक दानाच्या पिशवीतून काढून देतो. व्हाउचर नाही, वहीत नोंद नाही. पुढच्या महिन्यात तसेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तसेच. वर्षअखेरीस आकडे जुळत नाहीत, आणि प्रामाणिक माणूस संशयाखाली येतो. त्याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. मंडळीचा पैसा पाळकाच्या हातून, पाळकाच्या मर्जीने मिळाला की घेणारा पाळकाचा मिंधा होतो. वार्षिक सभेत तो त्याच्याविरुद्ध हात वर करू शकत नाही. अशा रीतीने सेवा करता करताच धनीपण अंगात शिरते. त्यावर उपाय आहे. कमिटीने मदत फंडासाठी दरमहा ठराविक रक्कम मंजूर करावी, पाळक आणि एक वडील (मंडळीचा ज्येष्ठ पदाधिकारी) अशा दोघांच्या सहीने ती द्यावी, आणि घेणाऱ्याची अब्रू जपायची असेल तर व्हाउचरवर नावाऐवजी क्रमांक घालून नावांची यादी पाकिटात बंद ठेवावी.

जमिनीच्या बाबतीत कायदाच स्पष्ट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 36 नुसार ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला, बदलायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने देतानाही ती लागते. मिशन कंपाउंडच्या, म्हणजे मिशनऱ्यांच्या काळापासून चर्चकडे असलेल्या आवारांच्या, जागांना आज सोन्याचा भाव आहे, म्हणून हे प्रत्येक सभासदाला पाठ असावे. कॅथॉलिक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) 1983 च्या धर्मसंहितेने, म्हणजे चर्चच्या कायद्याने, आर्थिक समिती सक्तीची केली आहे, आणि ज्या कारणासाठी दान दिले त्याच कारणासाठी ते वापरावे असेही बजावले आहे. इमारत फंडातून वीजबिल भरणाऱ्या आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

आता घरभेटी. मंडळीत 120 घरे असतील तर आठवड्याला चार घरे धरून 30 आठवड्यांत एक फेरी पुरी होते. नाताळ, पुनरुत्थानाचा सण, लग्ने, दफनविधी यांना बाकीचे आठवडे उरतात. पण भेटी सभासद-वहीच्या क्रमाने झाल्या पाहिजेत, आमंत्रणाच्या क्रमाने नव्हे. आमंत्रणावर चालणारा पाळक त्याच दहा-बारा दिवाणखान्यांत पुन्हा पुन्हा बसतो. राहून जातात त्या एकट्या विधवा, भाड्याच्या खोलीतली कुटुंबे, नुकतीच गावाहून आलेली मुले, आणि कमिटीशी वाद झाल्यामुळे मागच्या बाकावर बसणारे. अर्धा तास पुरे, जेवणाचा घाट नको. घरात बाई एकटी असेल तर सोबत मंडळीतली एखादी वडीलधारी स्त्री असावी. अंथरुणाला खिळलेल्यांना प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घरी नेऊन द्यावे आणि त्याची तारीख लिहावी. कोणाच्या घरी कळलेली गोष्ट पुढच्या रविवारी उपदेशात दाखला म्हणून आली, तर ते दार कायमचे बंद झाले असे समजावे.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय इथे उपयोगी पडतो. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना बंडखोर ठरवले नाही, लोकांनाच सात जण निवडायला सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेले. आपल्याकडे तक्रार करणाऱ्याला कमिटीवर कितीदा घेतले जाते?

दुसरी बाजूही तितक्याच जोराने मांडली पाहिजे. ‘तुम्ही तर सेवक’ असे म्हणून पाळकाचा पगार दोन-दोन महिने थकवणाऱ्या कमिट्या आहेत. पाळकगृहाचे छप्पर गळते तसेच राहते, पाळकाच्या पत्नीने संडे स्कूल, महिला मंडळ आणि पाहुण्यांचा स्वयंपाक बिनपगारी करावा असे गृहीत धरले जाते. कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे, हेही शास्त्रातच आहे. पगार महिन्याच्या पाच तारखेच्या आत बँकेत जमा व्हावा आणि आठवड्यातला एक दिवस पाळकाचा स्वतःचा असावा. पाळक आर्थिक अडचणीत असला की श्रीमंत सभासदांचा मिंधा होतो आणि मग त्यांच्या अन्यायावर बोलू शकत नाही.

बदलीच्या वेळी बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरे, किल्ल्या, आजाऱ्यांची यादी आणि घरभेटींची वही नव्या पाळकाच्या हाती दोन वडिलांसमोर सही घेऊन द्यावी. बँकेतल्या सह्या त्याच आठवड्यात बदलाव्यात. विश्वस्त बदलले असतील तर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला की पुढची कित्येक वर्षे वाद चालतात.

आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, त्यानंतर सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवे. सभासदांनी आत्ताच सेक्रेटरीला लेखी विचारावे: ऑडिटर कोण नेमला आहे, आणि अहवाल चर्चच्या सूचनाफलकावर कोणत्या रविवारी लागणार?

– मराठी मंडळ्यांतील काही माजी खजिनदार व वडील, अहिल्यानगर